नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू कोण? त्यांना आधीचा अनुभव होता का?

प्रा. राम ताकवले, आणि अनुभव भरपूर होता: मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक, आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. १९८९ मध्ये विधिमंडळाच्या कायद्याने यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि धुरा त्यांच्याकडे आली. पुढे ते दिल्लीला इग्नूचेही (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे) कुलगुरू झाले. माझ्या मते त्यांच्या काळातली खरी करामत गंगापूर धरणाजवळच्या ज्ञानगंगोत्री या विद्यापीठाच्या मुख्य परिसरात नव्हे, गावोगावच्या अभ्यासकेंद्रांत दिसते. चालू कॉलेजांचेच वर्ग सुट्टीच्या दिवशी वापरायचे, पुस्तकं अशी लिहायची की नोकरी करणाऱ्याला घरी एकट्याने वाचून कळावीत. बारावी न झालेल्यांना पदवीला प्रवेश मिळावा म्हणून पूर्वतयारी परीक्षेची वाटही या विद्यापीठाने काढली होती. प्रवेशाचे नियम मात्र बदलत असतात, ते चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच बघा.