ऑपरेशनची नाही, नळ्यांची भीती वाटते

"ऑपरेशनला मी तयार आहे मॅडम, पण त्या नळ्या नकोत."

पहिल्यांदाच शस्त्रक्रिया होणार असलेल्या माणसांकडून हे वाक्य मी वरचेवर ऐकते. टाके, दुखणं, सुट्टी याबद्दल त्यांनी डॉक्टरांना सगळं विचारलेलं असतं. नळ्यांचा विषय मात्र काढलेला नसतो. एक तर त्यातली एक लघवीची असते, त्यामुळे संकोच वाटतो. शिवाय एवढ्या मोठ्या ऑपरेशनपुढे नळीचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणेल ही धास्ती असते. मग ती भीती मनातच वाढत राहते.

अशाच एका ताईंची ही हकिगत. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय ४८. गर्भाशयात मोठ्या गाठी आणि दर पाळीला इतका रक्तस्राव, की हिमोग्लोबिन पार खाली गेलेलं. गर्भाशय काढायचं ठरलं होतं, पण तारीख जवळ आली की त्यांना झोप लागेना, छातीत धडधडायचं आणि त्या तारीख पुढे ढकलायच्या. असं दोनदा झालं होतं. घरचे समजावून थकले होते. "अगं, किती बायकांची होतात ही ऑपरेशनं, काही होत नाही," हे त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की त्या आता घरी बोलायच्याच बंद झाल्या होत्या.

मी त्यांना धीर दिला नाही. एक कोरा कागद दिला, त्यावर माणसाची नुसती बाह्यरेषा काढली आणि म्हटलं, "तुम्हाला कुठे कुठे नळ्या लागतील असं वाटतं, ते काढून दाखवा." त्यांनी पेन घेतलं आणि काढत सुटल्या. तोंडात एक, नाकातून एक, दोन्ही हातांना, मानेला, पोटातून, लघवीच्या जागी. सात झाल्या. मग पेन थांबलं आणि त्यांनी चित्रातल्या दोन्ही मनगटांवर आडव्या रेघा मारल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"हात बांधलेत."

मग सगळं बाहेर आलं. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांची आई आयसीयूत होती, व्हेंटिलेटरवर. नळी ओढू नये म्हणून हात पट्ट्यांनी बांधलेले. आई त्यांच्याकडे पाहत होती, काहीतरी सांगू बघत होती आणि आवाज येत नव्हता. आई काय सांगत होती हे त्यांना कधीच कळलं नाही. इतकी वर्षं ऑपरेशन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे स्वतःच्या जागी तीच खाट यायची.

अशी भीती "काही होत नाही" म्हटल्याने जात नाही, कारण त्यांनी जे पाहिलं ते खरं होतं. फक्त ते त्यांच्या ऑपरेशनचं चित्र नव्हतं. हा फरक त्यांना स्वतःला दिसायला हवा होता. म्हणून त्याच कागदावर प्रत्येक नळीसमोर आम्ही चार प्रश्न लिहिले: ही मला लागणार का? घालताना मी जागी असेन का? कधी काढणार? तोवर त्रास झाला तर कोणाला सांगायचं? उत्तरांची जागा कोरी ठेवली. ती भरणं माझं काम नाही, भूलतज्ज्ञांचं आणि सर्जनचं आहे. भूलपूर्व तपासणीला त्या हाच कागद घेऊन गेल्या.

परत आल्या तेव्हा मान, नाक आणि एका हातावर काट मारलेली होती. पोटातल्या ड्रेनपुढे (आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) "लागेलच असं नाही, आत पाहून ठरवू" असं लिहिलं होतं. उरलेल्यांपैकी जागेपणी फक्त एक घातली जाणार होती, हाताची सलाईन. तिची सुईही शिरेत राहत नाही. आत जाताना तेवढी टोचते, मग सुई काढून घेतात आणि मागे मऊ प्लास्टिकची बारीक नळी राहते. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि हात हलला तर सुई आत रुतेल म्हणून ते तासन्‌तास ताठ पडून राहतात.

घशातल्या नळीबद्दल भूलतज्ज्ञांनी त्यांना नीट समजावलं होतं. पूर्ण झोप लागल्यावरच ती घालतात. ऑपरेशन संपून स्वतःचा श्वास नीट सुरू झाला की काढतात. त्या वेळी "डोळे उघडा, मोठा श्वास घ्या" असं कानावर पडू शकतं, पण भुलीच्या अमलात असल्याने बहुतेकांना तो क्षण आठवत नाही. नळी स्वरयंत्राच्या पट्ट्यांमधून जाते, म्हणून ती असेपर्यंत आवाज फुटत नाही आणि नंतर एक-दोन दिवस घसा खवखवतो. आईचा आवाज का येत नव्हता, याचं कारण त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. त्या बराच वेळ रडल्या. मी मध्ये बोलले नाही.

राहिली लघवीची नळी. माझ्या ड्रॉवरमध्ये कॅथेटरचं एक न वापरलेलं पाकीट असतं, ते मी त्यांच्या हातात दिलं. पाकिटावर १६ आकडा होता. त्याला ३ ने भागलं की मिलिमीटरमध्ये जाडी मिळते, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास. त्यांच्या मनातली नळी बोटाएवढी जाड होती. टोकाशी छोटा फुगा असतो, त्यात साधारण १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरतात, म्हणून ती आत टिकते. काढताना आधी ते पाणी ओढून घेतात, मग नळी अलगद निघते. भूल दिल्यावर घालणार हे त्या विचारून आल्या होत्याच. मी एकच भर घातली: शुद्धीवर आल्यावर लघवीला जोरात लागल्यासारखं वाटेल. मूत्राशय भरलेलं नसेल, नळी आत असल्यामुळे तसं वाटतं. हे आधी माहीत नसलं की माणूस उठायची धडपड करतो आणि नळी ओढली जाते.

श्वासाचाही सराव केला. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, रोज झोपण्यापूर्वी. (सुई पाहून ज्यांना चक्कर येते त्यांना मी वेगळं सांगते. त्यांचा रक्तदाब खाली जातो, म्हणून पाय आणि मोकळ्या हाताचे स्नायू १०-१५ सेकंद आवळायचे, मग सैल सोडायचे, असं पुन्हा पुन्हा.) पण माझ्या मते त्यांना सर्वांत उपयोगी पडली ती एक खूण. बोलता आलं नाही तर नर्सचा हात दोनदा दाबायचा, म्हणजे "मला काही सांगायचंय". भूलतज्ज्ञांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं.

तिसऱ्या तारखेला ऑपरेशन झालं. सगळं सुरळीत झालं असं नाही. ड्रेन ठेवावा लागला आणि सांगितल्यापेक्षा एक दिवस जास्त राहिला. आवाज बसला होता. लघवीची भावना खूप सतावत होती. "पण मला माहीत होतं ते काय आहे," असं त्या फोनवर म्हणाल्या. ड्रेन काढण्यापूर्वी त्यांनी सिस्टरांना सांगितलं, "आधी दुखणं कमी करायचं औषध द्या आणि ओढताना मला सांगून ओढा." सिस्टरांनी तसंच केलं. हाताची खूण वापरायची वेळच आली नाही.

तुमच्या मनातही अशी भीती असेल, तर ती ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नव्हे, भूलपूर्व तपासणीत सांगा. गरज वाटली तर भूलतज्ज्ञ आधी चिंता कमी करणारं औषध देऊ शकतात. ऑपरेशन मोठं असेल तर शुद्धीवर येताना घशात नळी असण्याची शक्यता आहे का, हेही विचारून ठेवा. तसं असेल तर झोपेचं औषध चालू ठेवतात का, घरचं कोणी जवळ थांबू शकतं का, हेही तेव्हाच ठरवता येतं. आणि घरच्यांनी एवढंच करावं: "घाबरू नकोस" म्हणण्याऐवजी "कशाची भीती वाटते, दाखव" म्हणून कागद-पेन पुढे करावं.