धातू शोषणाऱ्या मोहरीचे बियाणे घ्यावे का?

प्रश्न: आमची शेते औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला असून विहिरीत ओढ्याचे पाणी पाझरते. जनुक बदललेली मोहरी एकदा पेरली की जमिनीतील शिसे व कॅडमियम निघून जाते आणि तिचे तेलही विकता येते, असा संदेश मोबाईलवर फिरत आहे. हे बियाणे घ्यावे का?

उत्तर: घेऊ नये. धातू शोषून घेण्यासाठी जनुकीय बदल केलेल्या कोणत्याही वाणाला आपल्या देशात लागवडीची परवानगी नाही, आणि विनापरवाना असे बियाणे विकणे व पेरणे दोन्ही बेकायदेशीर आहे. धारा मोहरी 11 या जनुक बदललेल्या वाणाला 2022 मध्ये पर्यावरणीय मान्यता मिळाली व पुढे प्रकरण न्यायालयात गेले, परंतु त्यातील जनुके संकरित बियाणे तयार करण्यासाठी आहेत. धातूंशी त्यांचा संबंध नाही.

संदेशामागचे विज्ञान मात्र खोटे नाही. यीस्टमधील एक जनुक घातलेल्या वनस्पतीने शिसे व कॅडमियम पेशीतील रिक्तिकेत (पेशीच्या आतल्या साठवणीच्या पिशवीत) साठवून ठेवल्याचे 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्नियात 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेतचाचणीत जनुक बदललेल्या मोहरीच्या एका प्रकाराच्या पानांत साध्या मोहरीच्या 4.3 पट सेलेनियम आढळले. पण धातू सहन करणे आणि जमीन स्वच्छ करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सहनशील झाड विषारी जमिनीतही टवटवीत दिसते, आणि नेमका तोच धोका आहे, कारण पान पिवळे पडून मिळणारी सूचनाही मग मिळत नाही.

एका हंगामाच्या दाव्याचा हिशेब आपणच करून पाहावा. एक हेक्टरच्या वरच्या 20 सेंटिमीटर थरात साधारण 26 लाख किलो माती असते. समजा, तिच्यातील कॅडमियम दर किलोस 5 वरून 3 मिलिग्रॅमवर आणायचे आहे, तर 5.2 किलो धातू बाहेर काढावा लागेल. मोहरीचे वाळलेले वजन हेक्टरी 10 टन आणि त्यात दर किलोस 10 मिलिग्रॅम कॅडमियम धरले (हा अंदाज उदार आहे), तरी एका पिकात 100 ग्रॅमच निघते, म्हणजे 52 पिके लागतील. शोषण दुप्पट झाले तरी 26 पिके लागतात, आणि दरम्यान ओढ्याचे पाणी नवा धातू आणतच राहते. शिवाय काढलेले पीक नष्ट होत नाही. त्यातील धातू पाल्यात आणि पेंडीत राहतो. असा पाला जनावरांना घालू नये, जाळू नये किंवा खड्ड्यात कुजवू नये.

आपल्या हातातला उपाय याच्या उलट दिशेचा आहे: धातू झाडात जाऊच न देणे. जपानमध्ये 2012 मध्ये कोशिहिकारी भाताच्या बियाण्यावर आयन किरणांचा (विद्युतभारित कणांच्या झोताचा) मारा करून, परके जनुक न घालता, दाण्यात अत्यल्प कॅडमियम घेणारे वाण मिळवले गेले. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू (पीएच) 8 च्या आसपास असल्याने शिसे व कॅडमियम मातीलाच बरेचसे धरून राहतात, आणि चांगले कुजलेले शेणखत त्यास हातभार लावते. क्रोमियमची गोष्ट वेगळी आहे. त्याचे विषारी रूप अशा जमिनीतही सहज हलते. म्हणून धातू कोणता, हे आधी कळले पाहिजे.

मृदा आरोग्य पत्रिकेतील 12 घटकांत शिसे व कॅडमियम नाहीत, त्यामुळे पत्रिका चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नये. ओढ्याजवळचा तुकडा आणि लांबचा तुकडा यांचे नमुने वेगळे घ्यावेत. इंग्रजी व्ही आकाराचा 20 सेंटिमीटर खोल खड्डा करून, लोखंडी खुरप्याऐवजी लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने कडेची माती खरवडावी, सावलीत वाळवावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हे करावे. सोबत विहिरीचे पाणी स्वच्छ प्लॅस्टिकच्या बाटलीत आणावे व जड धातूंची तपासणी हवी असल्याचे अर्जात स्पष्ट लिहावे. अहवाल येईपर्यंत ओढ्याकाठच्या तुकड्यात पालक, मेथी व चारा घेऊ नये. तेथे झेंडू किंवा कपाशी घ्यावी, आणि सरकीची पेंड मात्र गोठ्यात नेऊ नये.