‘दुसऱ्या’ समोर दिसतो, पण शोधल्यावर सापडत नाही. असं का?

तुमच्या दोन तक्रारी आहेत. व्हीएस कोड या एडिटरमध्ये (मजकूर लिहायच्या-सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये) ‘दुसऱ्या’ शोधला की काही ठिकाणी सापडतो आणि काही ठिकाणी ढळढळीत समोर असूनही सापडत नाही. आणि शहरांची नावं बदलायची यादी चालवल्यावर फाइलभर ‘छत्रपती छत्रपती संभाजीनगर’ झालंय. मी इतरांचा मराठी मजकूर छपाईसाठी लावून देतो, त्यामुळे यातली पहिली भानगड माझ्या रोजच्या ओळखीची.

एडिटर अक्षराचं रूप बघत नाही, त्यामागचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला दिलेले क्रमांक, जुळवतो. ‘ऱ्या’मधला तो अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. तुमच्या पुस्तकात वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या कीबोर्डवर टाइप केलेली प्रकरणं एकत्र आली असणार.

खात्री करायची तर न सापडणारा शब्द फाइलमधून कॉपी करून शोधपेटीत चिकटवा आणि शेवटून बॅकस्पेस मारत या. बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस एका वेळी एकच क्रमांक खातो. काना गेला, य गेला. आता ‘दुस’ उरेपर्यंत आणखी दोनदा मारावं लागलं तर नुक्त्याचा ऱ, तीनदा लागलं तर जोडकवाला. जोडकवाला निघाला तर शब्द पुन्हा चिकटवा, काना आणि य पुसून थांबा, सुरुवातीचं ‘दुस’ही काढा. उरलं ते ‘शोधा’मध्ये, आणि ‘बदला’मध्ये ऱ आणि हलन्त. एकदा हे फाइलभर केलंत की पुढचे सगळे शोध सरळ चालतील.

जोडक नुसता उडवून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो काढला की र वर चढून रफार होतो, ‘दुसर्या’ दिसायला लागतं, आणि लग्नाच्या जेवणासाठी बोलावलेल्या आचाऱ्यांचे आचार्य होतात.

हाच प्रकार ‘ॲप’चा. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधीचा मजकूर, आणि नंतरचाही बराच, अ वर चंद्र देऊन लिहिलेला असतो. विसर्गाचं तर विचारूच नका. ‘स्वतः’, ‘विशेषतः’ यांत निम्मे लोक सर्रास कोलन ठोकतात. सगळ्या कोलनांचे एकदम विसर्ग करू नका, वेळा आणि संवाद बिघडतील. एकेक शब्द घेऊन बदला.

रेजेक्स, म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी नमुना देऊन शोधायची पद्धत, वापरत असाल तर शब्दसीमेचं चिन्ह, म्हणजे बॅकस्लॅश-बी, उघड्या फाइलमध्ये मराठीला लागू पडत नाही. तिथे जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचे नियम चालतात आणि त्यांच्या लेखी ‘शब्दातलं अक्षर’ म्हणजे रोमन लिपी, आकडे आणि अधोरेषा. पायथन या दुसऱ्या भाषेत उलटी गंमत: मात्रा अक्षरात धरली जात नाही, त्यामुळे सीमा लावून ‘कर’ शोधलात तर ‘करू’मधलाही सापडतो. व्हीएस कोडच्या साध्या शोधातलं ‘पूर्ण शब्द’चं बटण वापरा, ते मोकळी जागा आणि विरामचिन्हं बघतं.

आता संभाजीनगर. तुमच्या यादीत ‘औरंगाबाद’चं ‘छत्रपती संभाजीनगर’ करा अशी एक ओळ आहे आणि खाली ‘संभाजीनगर’चं ‘छत्रपती संभाजीनगर’ करा अशी दुसरी. पहिलीने जे लिहिलं त्यालाच दुसरीने पुन्हा धरलं. मूळ फाइल घ्या आणि क्रम फिरवा: आधी ‘छत्रपती संभाजीनगर’ आणि ‘औरंगाबाद’ या दोघांचं नुसतं ‘संभाजीनगर’ करा, मग सगळ्यात शेवटी एकदाच ‘छत्रपती’ लावा. त्याआधी ‘औरंगाबादेत’ हाताने बघून घ्या, नाहीतर ‘संभाजीनगरेत’ असं काहीतरी छापून येईल. बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे, त्याचं नाव बदललेलं नाही. आणि नामांतर 2023 मधलं आहे, त्यामुळे जुन्या पुस्तकांच्या नावांत आणि अवतरणांत जे होतं तेच राहू द्या. थोडक्यात, या यादीसाठी ‘सगळे बदला’ दाबू नका, एकेक बघत जा.

एवढं करूनही एखादा शब्द हटून बसला तर तो फाइलमधून कॉपी करून इथे प्रतिसादात चिकटवा. नव्याने टाइप करू नका, नाहीतर मला तुमचा कीबोर्ड दिसेल, फाइल नाही.