कॅटलॉग घे, पण लगेच उघडू नकोस

चित्रप्रदर्शनाच्या पहिल्या फेरीत कॅटलॉग पिशवीतच राहू दे. भिंतीवरच्या पाट्याही वाचू नकोस, नुसतं बघ. मग आवडलेल्या चार-पाच चित्रांपाशी परत जा आणि तिथे तो उघड.

छापील चित्र मूळ चित्राशी ताडून बघ. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या बाबतीत तर हे करच. रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरवायच्या बोथट सुरीने) त्यांनी रंगाचे थर चढवले, काढले. थरांची ती खोली कागदावर सपाट होते. त्यांच्या बहुतेक चित्रांना शीर्षकही नाही, त्यामुळे साल, माध्यम आणि मोजमाप या नोंदीच धरून ठेवायच्या. मोजमाप वाचलं की हातांनी हवेत तेवढा आकार धरून बघ.

२०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. आपल्यातल्या बहुतेकांना ते बघता आलं नाही, पण त्याचा कॅटलॉग आहे. प्रदर्शन उतरलं की चित्रं ज्याच्या त्याच्या संग्रहात परत जातात; एकत्र उरतात ती या पानांवरच. म्हणून पैसे मोजके असतील तर लेख, जीवनपट आणि संग्राहकांच्या नोंदी असलेला कॅटलॉग घे, नुसत्या गुळगुळीत फोटोंचा नको. आणि मुंबईच्या जहांगीर कलादालनात चित्रकार हातात देतात ते ब्रोशर तारीख घालून जपून ठेव. बऱ्याच तरुण चित्रकारांचं छापील असं तेवढंच असतं.