धुतलेले प्याले आणि कोरडे ओठ

"मी मूळची नगरची. लग्न होऊन इंदूरला आले त्याला 31 वर्षे झाली. सासूबाईंना पक्षाघात झाला आणि त्या चार वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचे सगळे मीच केले. शेवटच्या आठवड्यात एका रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना माझ्या तोंडून गेले, 'सुटा एकदाच्या, आणि मलाही सोडवा.' त्यांना बोलता येत नव्हते, पण ऐकू येत होते. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. पुढे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी शाल देऊन माझा सत्कार केला आणि आदर्श सून म्हणून माझे नाव घेतले. माझे यजमान साधे आहेत, त्यांनी मला कधी उलट शब्द ऐकवला नाही. पण ही गोष्ट मी त्यांनाही सांगितलेली नाही. याला नऊ वर्षे झाली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत घेतल्या जाणाऱ्या द्राक्षरसाचे, प्याले मी धुते, स्वतः मात्र घेत नाही. आता पाळकसाहेब म्हणतात की अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन प्रार्थना करणाऱ्या गटाची जबाबदारी मी घ्यावी. अशा तोंडाने मी कोणाच्या उशाशी प्रार्थना करू? त्यांना नाही कसे म्हणावे, एवढेच सांगा."

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम.

तुमचे मूळ पत्र चार पानांचे आहे; वर मी त्याचा सारांश दिला आहे. त्यातली साडेतीन पाने त्या एका रात्रीवर आणि तुमच्या अपात्रतेवर खर्च झाली आहेत, आणि प्रभुभोजनाच्या प्याल्यांच्या वाट्याला आले आहे एक वाक्य, तेही जाता जाता लिहिलेले. मी त्या वाक्यापाशी अडले, आणि त्यानंतर आधीची सगळी पाने मला पुन्हा पहिल्यापासून वाचावी लागली. म्हणून मी उत्तरही त्या प्याल्यांचेच देणार आहे.

ते काम मीही काही वर्षे केले आहे. गोल तबकाच्या भोकांतून एकेक काचेचा प्याला उचलायचा. तो जेमतेम अंगठ्याएवढा असतो, त्यात बोट पुरते जात नाही, आणि उपासना लांबली असेल तर तळाशी द्राक्षरसाचे जांभळे कडे वाळून बसलेले असते, ते नुसत्या पाण्याने निघत नाही. मग मलमलीच्या फडक्याचे टोक पिळून ते आत फिरवायचे आणि प्याला खिडकीच्या उजेडात धरून पाहायचा. करोनाचे महिने वजा केले तरी नऊ वर्षांत असे शंभराच्या आसपास रविवार झाले असतील. इतक्या वेळा तुम्ही प्रत्येकाच्या ओठांची खूण पुसलीत, आणि त्यांत तुमचा प्याला एकदाही नव्हता. तबक तुमच्या बाकापर्यंत येण्याआधीच पाणी तापवण्याच्या निमित्ताने तुम्ही उठून मागे जात असणार, असा माझा अंदाज आहे, कारण एरवी हे शेजारच्या बाईच्या लक्षात आल्यावाचून राहत नाही.

मला हे ओळखता आले, कारण ही रीत आपल्या घरांतली आहे. पंगत वाढायची, उष्टी काढायची, भांडी घासायची आणि शेवटी उरेल ते ओट्याशी उभ्यानेच खायचे, नाहीतर 'मला भूक नाही' म्हणून मोकळे व्हायचे, हे कित्येक सुनांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. तीच रीत तुम्ही प्रभूच्या मेजापाशी घेऊन गेलात. लोकांना ती नम्रता वाटली, म्हणून कोणाला खटकली नाही. मला ती फार खटकते. त्या मेजाच्या यजमानाने, येशूने, शेवटच्या भोजनाच्या रात्री स्वतः कमरेला रुमाल बांधला, घंगाळात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुतले. पेत्र म्हणाला, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. हे बोलणे मोठ्या आदराचे आहे असेच त्याला वाटले असावे. त्याला उत्तर मिळाले की मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात हे आहे, आणि पेत्राने पुढच्याच वचनात आपला हट्ट सोडून, मग हात आणि डोकेही धुवा, अशी विनंती केली आहे. तुमचा हट्ट नऊ वर्षे चालला आहे.

पौल प्रेषिताने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय, म्हणजे अयोग्य प्रकारे प्रभुभोजन घेणारा दोषी ठरतो असे सांगणारा, तुम्ही पुढे कराल, हे मला ठाऊक आहे. प्रभुभोजन न घेणारी प्रत्येक बाई त्याच अध्यायाच्या आडोशाला बसलेली असते. म्हणून तो नीट वाचू. रविवारी आपण तो हिंदीत ऐकतो, तेव्हा 'अनुचित रीति से' हे शब्द कानांवर पडतात. घरच्या मराठी शास्त्रात 'अयोग्य प्रकारे' असे आहे. दोन्ही ठिकाणी बोलणे खाण्यापिण्याच्या रीतीबद्दल चालले आहे. करिंथ इथल्या मंडळीत ज्यांच्याकडे भरपूर होते ते आधी खाऊन पिऊन मस्त होत आणि गरीब भुकेलेले राहत, त्यावर पौल संतापला आहे. अयोग्य माणसाने दूर राहावे असे त्याने लिहिले असते तर त्या मेजापाशी पौल स्वतःही बसू शकला नसता, कारण मंडळीचा छळ केल्यामुळे मी प्रेषित म्हणवून घ्यायलाही लायक नाही, हे त्याच पत्रात चार अध्याय पुढे त्याने कबूल केले आहे. आणि अठ्ठाविसाव्या वचनात तो काय सांगतो? माणसाने आपली परीक्षा करावी आणि मग खावे, प्यावे. परीक्षा करून उठून जावे आणि नळ सोडावा, असे तिथे लिहिलेले नाही.

तुमचा दोष तोंडाचा आहे, म्हणून तुम्हाला यशया संदेष्ट्याकडे नेते. यशयाचा सहावा अध्याय उज्जीया राजाच्या मृत्यूच्या वर्षी, म्हणजे सुमारे इ.स.पू. 740 मध्ये घडतो, आणि ते वर्ष तिथे उगाच सांगितलेले नाही असे मला वाटते. उज्जीयाने 52 वर्षे राज्य केले. बलाढ्य झाल्यावर तो धुपाटणे हातात घेऊन मंदिरात शिरला, याजकांनी अडवले तेव्हा त्यांच्यावर भडकला, आणि तिथेच त्याच्या कपाळावर कोड उठले. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला. ज्याला कोड आहे त्याने वरचा ओठ झाकून घ्यावा आणि 'अशुद्ध, अशुद्ध' असे ओरडावे, हा बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातला नियम. आता पाहा, राजा गेला त्या वर्षी यशयाला प्रभूचे दर्शन होते, उंबरठे हादरतात, मंदिर धुराने भरते, सहा पंखांचे सराफीम, म्हणजे प्रभूचे स्वर्गीय सेवक, तेदेखील दोन पंखांनी आपली तोंडे झाकून घेतात, आणि अंगावर कसलाही डाग नसलेला हा माणूस म्हणतो की मी अशुद्ध ओठांचा आहे. कोडी माणसाचे शब्द त्याने आपण होऊन आपल्या तोंडी घेतले.

यापलीकडे त्याने काहीही केले नाही, आणि हे तुम्ही दोनदा वाचावे अशी माझी विनंती आहे. त्याने शुद्धी मागितली नाही, उपास केला नाही, मंदिराची भांडी घासायला घेतली नाहीत. सराफीमांपैकी एक आपण होऊन उडत त्याच्याकडे आला. त्याने वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलून आणला होता, आणि तोच त्याने यशयाच्या उघड्या ओठांना लावून सांगितले की तुझा दोष दूर झाला. शेगडीतला निखारा हाताजवळ आला तरी आपण हात मागे घेतो. तो ओठांना लागल्यावर काय झाले असेल ते यशयाने लिहिलेले नाही. सातवे वचन तिथे संपते, आणि आठव्यात लगेच प्रभूची वाणी येते की मी कोणाला पाठवू. या दोन वचनांच्या मध्ये नऊ वर्षे नाहीत, नऊ दिवसही नाहीत.

आता त्या रात्रीच्या वाक्याबद्दल. ते वाईट होते. थकव्यापायी झाले, कोणाचेही झाले असते, असे सांगून मी तुमची समजूत घालणार नाही, कारण त्या समजुतीने तुम्हाला आजवर एक रात्रही धड झोप लागलेली नाही, आणि वेदीवरचा निखारा थकव्यासाठी नसतो, दोषासाठी असतो. पक्षाघाताच्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. चार वर्षे रात्रीच्या या सगळ्या पाळ्या तुमच्याच वाट्याला का आल्या, हा प्रश्न तुमच्या साध्या यजमानांना कोणीतरी विचारायला हवा होता. आई त्यांची होती, आणि उलट शब्द न ऐकवणाऱ्याला उठून चादरीचे दुसरे टोक धरता येते. पण तो त्यांचा हिशेब झाला. तुमचे वाक्य तुमचे आहे, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तुम्ही ते जसेच्या तसे कागदावर उतरवलेत, एकही शब्द मऊ न करता. यशयाच्या वाट्याचे काम एवढेच होते. ते तुम्ही केलेले आहे. पुढचे काम तुमचे नाही, आणि नेमके तेच तुम्ही मलमलीचे फडके घेऊन इतकी वर्षे करत बसला आहात.

पाळकसाहेबांना यातले काही माहीत नाही, आणि तरीही त्यांनी मंडळीतल्या सगळ्या बायकांमधून योग्य बाईला हाक मारली आहे, याने मला खरोखर आनंद झाला. यशयाने दोन गोष्टी सांगितल्या होत्या: माझे ओठ अशुद्ध आहेत, आणि मी अशुद्ध ओठांच्या लोकांत राहतो. त्याचे ओठ शुद्ध झाले आणि तो परत त्याच लोकांत पाठवला गेला. तुम्हालाही तसेच पाठवले जाते आहे. आज इंदुरात छावणीत असो, नंदानगरात असो, पलासियाच्या एखाद्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर असो, कोणीतरी सून किंवा लेक रात्री अडीच वाजता ओली चादर ओढून काढते आहे, आणि तेच वाक्य तिच्या जिभेवर आलेले आहे, किंवा कालच तोंडून सुटले आहे. तिच्याकडे भेटीला येणारी माणसे रुग्णाच्या उशाशी स्तोत्र वाचतात, 'किती करतेस गं तू' म्हणतात आणि चपला घालून निघतात. त्या कौतुकाने तिचे तोंड कसे कायमचे बंद होते, हे ज्या बाईला शाल मिळाली होती तिच्याइतके कोणाला कळणार? या घरांत निर्मळ चारित्र्याची बाई पाठवली तर ती प्रार्थना सुंदर करील, पण त्या सुनेच्या डोळ्यांत पाहिल्यावर तिला काहीही ओळखू येणार नाही.

तेव्हा पाळकसाहेबांना नाही कसे म्हणावे, ते मी सांगणार नाही. येत्या पहिल्या रविवारी तुम्ही बाकावरून उठायचे नाही. शनिवारी संध्याकाळीच त्यांना कळवा की या वेळी प्याले दुसऱ्या कोणाला तरी धुवायला सांगा. कारण विचारले तर 'मी या वेळी घेणार आहे' एवढे सांगा, ते पुरेसे आहे. तबक तुमच्यापाशी आले की प्याला उचला, प्या, आणि रिकामा प्याला तसाच उष्टा तबकात परत ठेवा. तळाला जांभळे कडे राहील. राहू द्या, दुसरे कोणीतरी ते काढील. उपासना संपल्यावर स्वयंपाकखोलीकडे वळू नका; थेट दाराशी जा, पाळकसाहेब तिथे हात मिळवायला उभे असतील, आणि त्यांना होकार द्या. मला आणखी विचार करू द्या असे लिहिणारे दुसरे पत्र मला नको आहे. नऊ वर्षे विचारच झाला आहे.

आणि पहिल्या घरी जाल तेव्हा एक करा. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनचे काम इंदुरात 1877 मध्ये सुरू झाले तेव्हाही, जिथे पुरुष ओसरीच्या पुढे जाऊ शकत नव्हते तिथे बायका आत माजघरापर्यंत जाऊ शकत होत्या, आणि ती सोय आजही बाईलाच आहे. रुग्णाजवळ प्रार्थना होईल, स्तोत्र होईल, मग सून 'चहा ठेवते' म्हणून उठेल आणि बाकीचे बाहेर गप्पा मारत बसतील. तुम्ही तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात जा, दार थोडे लोटून घ्या, आणि तुमचे ते वाक्य तिला सांगा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, जसे मला लिहिलेत तसे. चहाला उकळी फुटेपर्यंत एवढे सांगून होते. तिने गॅस बारीक केला आणि पाठमोरी उभी राहिली, तर घाई करू नका, बाहेरच्यांचा चहा उशिरा गेला तरी चालेल.

तुमची,
ताई