ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो

प्रश्न : वडिलांनी घेतलेली 1995 ची टाटा इस्टेट अजून वापरतोय. ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटरपण मिणमिणतो. मागचा वायपर डिकीचं दार अर्धं उघडं असेल तरच फिरतो, बंद केलं की बंद. आणि गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की सेल्फच मारत नाही. इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळं वायरिंग नवीन टाका. टाकू का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नका हो टाकू, निदान एवढ्यात तरी नको. हे तीन वेगळे आजार आहेत.

इंडिकेटरचं कारण बहुतेक अर्थ, म्हणजे अर्थिंगचा जोड. दिव्याचा करंट बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला परत जातो, पण तिथला स्क्रू गंजला की त्याला वाट मिळत नाही, मग तो शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो आणि आपल्याला वाटतं स्विच गेला. ब्रेक दाबून धरायला कोणाला तरी बसवा, मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर, एक टोक बल्बच्या होल्डरच्या अर्थला आणि दुसरं बॅटरीच्या मायनसला. 0.2 व्होल्टच्या आसपास ठीक, दोन-तीन व्होल्ट दिसले तर चोर सापडला. स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत करा, वर थोडं ग्रीस. खर्च चहाएवढा.

वायपरचं तर तुम्हीच सांगून टाकलंत. दाराच्या बिजागरीजवळ रबरी नळीतून वायरी जातात, इतकी वर्षं दार वरखाली करून त्या आतल्या आत तुटतात, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. मागे उघडणारं दार असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीत आधी तिथेच बघावं. नळी सरकवा, एकेक वायर हलकेच ओढा, जी रबरासारखी ताणली जाते ती तुटलेली. मऊ वायरचा तुकडा सोल्डर करून घ्या, नुसती पीळ मारून चिकटपट्टी नको.

आता बॅटरी. सगळं बंद करून मायनसची केबल काढा आणि मीटर 10 अँपियरवर ठेवून ती केबल आणि बॅटरीचं मायनस टोक यांच्या मध्ये जोडा (जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल). तुमच्या गाडीत कॉम्प्युटर वगैरे भानगड नाही, तेव्हा 50 मिलिअँपियरच्या आतच हवं. 400 दिसले तर पाच दिवसांत 48 अँपियर-अवर गेले, मग सेल्फ कसा मारणार! एकेक फ्यूज काढत जा, ज्याला आकडा पडेल ती लाइन. माझा पहिला संशय नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिमवर. पिवळी वायर कायम सप्लायची, लाल चावीची, आणि बसवणारे कितीदा दोन्ही एकत्र पिळून मोकळे होतात. एकाही फ्यूजने फरक पडला नाही तर मग अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनामोचा) डायोड तपासून घ्या.

प्रश्न : याच गाडीचं इंजिन कोणी 1.9 म्हणतं, कोणी 2 लिटर, आणि स्पेअरवाला 483 म्हणतो. खरं काय?

उत्तर : तिन्ही एकच. 4 सिलिंडर, 83 मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), म्हणून 483. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, 90 मिमी, एका सिलिंडरचं आकारमान काढून चारने गुणून बघा, 1948 सीसी येतात, मग कोणी खाली मोजतं कोणी वर. दुकानात 483 डीएलच सांगा, सिएरात आणि सुरुवातीच्या सुमोतही हेच होतं त्यामुळे इंजिनाचे पार्ट मिळतात. अडचण मागच्या दिव्यांच्या काचेची, भंगारात दिसली तर घासाघीस न करता उचला.