खो मिळण्याआधीचा निर्णय

प्रिय मुली,

परवा अंतिम सामना संपल्यावर तू मैदानाच्या कडेला बुटांच्या नाड्या सोडत बसली होतीस. मान वर न करताच म्हणालीस, "ताई, मला ठरवायला वेळच मिळत नाही. माझं डोकंच उशिरा चालतं." मी तेव्हा गप्प राहिले. आजूबाजूला आधीच चारजण चार गोष्टी सांगत होते, त्यात माझी पाचवी नको होती. घरी आल्यावर मात्र राहवेना, म्हणून हे पत्र.

तुझं डोकं उशिरा चालत नाही. ज्या खोबद्दल सगळे तुला बोलले, त्याच्या आधीचे दोन-तीन सेकंद मी फक्त तुझ्याकडे बघत होते. सातवं मिनिट चालू होतं. दमल्यामुळे तुझी उजवी टाच जमिनीला टेकली होती आणि अंगाचं सगळं वजन उजव्या पायावर गेलं होतं. आपली आक्रमक, म्हणजे पाठलाग करणारी, तुझ्या डाव्या हाताने, पाठीमागून येत होती आणि तिला बघायला तू मान डावीकडे वळवली होतीस. मानेबरोबर डावा खांदाही मागे गेला होता. पळणारी मात्र तुझ्या उजव्या हाताला होती. खो आला आणि तू डावीकडे उठलीस.

आता सांग, यात ठरवायचं काय उरलं होतं? उजव्या पायावर वजन असलं की माणूस रेटा देऊन डावीकडेच जातो. उजवीकडे जायचं तर आधी वजन डाव्या पायावर आणावं लागतं, आणि तेवढा वेळ खो-खो कुणालाच देत नाही. खांदाही आधीच डावीकडे झुकलेला होता. आपल्या खेळात खांदे ज्या खांबाकडे वळले ती तुझी दिशा. मग उलट फिरलीस तर शिट्टी, नाहीतर खांबापर्यंत जाऊन वळसा. तुला वाटतं तू खो मिळाल्यावर चुकीचं ठरवलंस. खरं तर पायाने, मानेने आणि नजरेने मिळून खो मिळण्याआधीच ठरवून टाकलं होतं. डोक्याला फक्त कळवलं गेलं.

मला एवढी एकच गोष्ट तुला सांगायची आहे, पण ती नीट उलगडून सांगते. आपल्याला लहानपणापासून असं वाटत असतं की डोळे बघतात, मग डोकं विचार करतं आणि शेवटी पाय त्याचं ऐकतात. अभ्यासाला बसल्यावर कदाचित तसं होतही असेल. मैदानावर या तिन्ही गोष्टी एकाच वेळी चालू असतात आणि एकमेकींना ओढत असतात. पाय कसे ठेवलेत त्यावर काय दिसणार ते ठरतं, आणि काय दिसलं त्यावर पाय कुठे सरकणार ते.

थोडा हिशोब कर. काही दिसल्यापासून अंग हलायला लागेपर्यंत चांगल्या खेळाडूलाही साधारण ०.२ सेकंद लागतो, आणि तोही काय करायचं ते आधीच ठरलेलं असेल तर. डावं की उजवं असा प्रश्न असेल तर आणखी जास्त. सेकंदाला ६ मीटर वेगाने पळणारी मुलगी ०.२ सेकंदात १.२ मीटर पुढे जाते. तुझा हात तेवढा लांब नाही. म्हणजे जी उठल्यावर बघते, तिला पळणारी कायम हातभर पुढेच दिसणार. कडेला उभं राहून "डावीकडे! डावीकडे!" असं ओरडणाऱ्यांचंही तेच होतं. त्यांनी बघितलं, ओरडले, तू ऐकलंस, तोवर ती डावीकडे राहिलेलीच नसते. मी स्वतः खेळत असताना एका मोठ्या सामन्यात अशाच एका हाकेवर उठले होते. हाक देणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण त्या दिवसापासून मी माझ्या मुलींना बाहेरून दिशा सांगत नाही, आणि तूही कुणाची ऐकू नकोस.

मग वेळ आणायचा कुठून? बैठकीतून.

आठ जणी मधल्या पाटीवर, म्हणजे दोन खांबांना जोडणाऱ्या पट्ट्यावर, ३० सेंटिमीटरच्या चौकोनात, आळीपाळीने उलटसुलट तोंड करून बसतात. १९१४ च्या सुमारास पुण्यात या खेळाचे नियम पहिल्यांदा लिहिले गेले. पुढे मैदानाची मापं बदलली, वेळा बदलल्या, मातीची मॅट झाली, पण ही उलटसुलट बैठक तशीच राहिली. तिचा अर्थ असा की अर्धं मैदान कायम तुझ्या पाठीशी असतं. ते तू बघू शकत नाहीस. बघायला मान वळवलीस की तुझ्या समोरचं अर्धं हातातून जातं आणि वर खांदा फिरतो. परवा नेमकं तेच झालं. आपल्या आक्रमकाला बघायची काहीच गरज नव्हती. ती खो देणार तेव्हा आवाजाने आणि हाताने सांगणारच आहे, नियमच आहे तो.

पाठीमागचं मैदान कानांनी बघायचं असतं. मातीवर हे सोपं होतं. पळणारी वळली की पाय घासल्याचा आवाज यायचा, थांबली की दोन पावलं जड पडायची. मॅटवर तो आवाज पुष्कळ कमी झाला. मला मॅटबद्दल तक्रार करायची नाही, गुडघे वाचतात आणि पावसाळ्यातही खेळता येतं. पण आवाज गेला ही खरी हानी आहे आणि ती भरून काढायला आणखी काही शोधावं लागतं. माझ्या मते ते शेजारणीच्या खांद्यात आहे. तुझ्या दोन्ही बाजूंच्या मुलींची तोंडं तुझ्या पाठीमागच्या मैदानाकडे असतात. पळणारी त्यांच्या समोर जवळ आली की त्यांची पाठ ताठ होते, हात जमिनीवर घट्ट होतात. डोळ्याच्या कडेने ते दिसतं, मान न वळवता. म्हणजे तुझ्या पाठीला शेजारणीचे डोळे असतात. नवीन मुलींना हे सांगितलं की त्या हसतात. महिनाभराने त्याच येऊन सांगतात की हो, दिसतं.

आता पाय. तू एक पाय पुढे घेऊन बसतेस. ती पद्धत वाईट नाही, एका बाजूला झेप फार छान मिळते. पण त्या बैठकीत दमल्यावर वजन एका पायावर उतरतं आणि तू अर्धी खेळाडू होतेस. तुझ्या उंचीला दोन्ही पाय एका ओळीत, टाचा उचललेल्या, वजन चवड्यांवर आणि थोडं हातांवर, असं बसणं जास्त बरं पडेल असं मला वाटतं. पहिली झेप कदाचित किंचित लहान पडेल, पण दोन्ही दारं उघडी राहतील. समोर पळणारी हलली की वजन तिच्याबरोबर थोडं इकडे, थोडं तिकडे जाऊ दे, खांदे मात्र सरळ. शरीराने असं सतत अर्धंमुर्धं ठरवत राहायचं आणि खो आला की शेवटचं पक्कं करायचं.

हुलीबद्दल तू विचारलं होतंस. समोरची मुलगी उजवीकडे झुकते, तू उजवीकडे उठतेस, ती डावीकडून जाते. तू तिचं डोकं आणि खांदे बघतेस म्हणून फसतेस. फ्रान्समध्ये रग्बीच्या खेळाडूंवर यासंबंधी अभ्यास झाला आहे. चकवा देणारा खेळाडू डोकं, खांदे, बाहेरचा पाय यांनी खोटं सांगू शकतो. अंगाच्या मध्याचं, म्हणजे कमरेच्या जवळपासच्या भागाचं सरकणं मात्र त्याला लपवता येत नाही, कारण अंगाचं सगळं वजन जिकडे जायचंय तिकडे कंबरेला जावंच लागतं. नवखे खेळाडू खांद्याला भुलत होते आणि मुरलेले कमरेच्या हालचालीवरून ओळखत होते. मुरलेले तर थोडे उशिराच हलायचे, घाई नवख्यांना होती. तेव्हा पळणारीच्या कमरपट्ट्यावर नजर ठेव. तिचा चेहरा बघायला सामन्यानंतर भरपूर वेळ मिळेल.

आणि हे लक्षात आलं का, की तू आक्रमक असतेस तेव्हा पळणारीही तुझं हेच वाचत असते? आपली मुलगी खांबाकडे येताना पाऊल आखूड करते, तेव्हा पळणारीला तिच्या आधी कळलेलं असतं की आता वळणार की सूर मारणार. आपलं शरीर आपला निर्णय सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवत असतं. खांबाजवळची तुझी तीन पावलं मला रोज वेगवेगळ्या लांबीची दिसायला हवीत. यावर आपण वेगळं काम करू, ते पत्रात मावणारं नाही.

तू म्हणालीस, "पहिल्यांदा मनात आलं ते बरोबर होतं, मग विचार केला आणि घोळ झाला." हे तू खो देण्याबद्दल बोलत होतीस, तिसऱ्या मिनिटाला शेजारच्या चौकोनात द्यायचा खो तू राखून ठेवलास आणि पाऊल आडव्या पाटीच्या, म्हणजे त्या चौकोनातून आडव्या जाणाऱ्या पट्ट्याच्या, पुढे गेलं. जोसेफ जॉन्सन आणि मार्कस राब या दोघांनी २००३ साली हॅंडबॉल खेळणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सामन्याचं चित्रण ऐन क्षणी थांबवायचं, चेंडू ज्याच्या हातात आहे त्याने काय करावं ते ताबडतोब विचारायचं आणि मग सावकाश आणखी पर्याय काढायला सांगायचे. पहिला पर्याय बहुतेक वेळा नंतर सुचलेल्या पर्यायांपेक्षा चांगला निघाला. याचा अर्थ विचार करणं वाईट असा काढू नकोस. ती मुलं तो खेळ रोज खेळणारी होती, त्यांचं पहिलं उत्तर म्हणजे अंगात साठलेला वर्षांचा विचार होता. विचार सरावात करायचा, तिथे हवा तेवढा वेळ घे, माझ्याशी भांड, वहीत लिही. सामन्यात मनात पहिला आलेला खो देऊन टाक. चुकला तर सोमवारी त्यावर बोलू.

आता मोबाईलबद्दल. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. प्रियांका इंगळे कर्णधार होती, आपल्या महाराष्ट्राची. तेव्हापासून तू ती चित्रणं किती वेळा बघितलीस ते तुझी आई मला सांगते. जरूर बघ, त्या मुली तुझ्यासारख्याच मैदानांवरून तिथे गेल्या आहेत. पण धावणारीकडे बघू नकोस, कॅमेरा तिच्यामागे जातोच. चौकटीच्या कोपऱ्यात बसलेल्या दिसतात, त्यांच्या टाचा बघ, खांदे बघ. बघून झालं की फोन ठेव आणि उठ.

उठ असं का म्हणते, ते सांगते. १९६३ साली अमेरिकेत रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी अंधारात वाढवलेल्या मांजरीच्या पिल्लांवर एक प्रयोग केला. जत्रेतल्या आडव्या गोल फिरणाऱ्या चक्रासारख्या यंत्राला दोन पिल्लं जोडली. एक स्वतःच्या पायांनी गोल फिरायचं, दुसरं टोपलीत बसून त्याच्याबरोबर फिरवलं जायचं. भोवतीच्या भिंतीवरचे पट्टे दोघांना सारखेच दिसत होते. पुढे चालणाऱ्या पिल्लाला उंचवट्याची कड कळत होती, टेबलाजवळ नेलं की ते पंजे पुढे करत होतं. टोपलीतल्या पिल्लाला ते जमत नव्हतं. डोळे धड होते, पण स्वतः न हलता जे पाहिलं ते त्याच्या कामाचं झालं नव्हतं. त्या पिल्लांचे हाल वाचून मला वाईट वाटतं, आज असा प्रयोग करू नये असंच मी म्हणेन. त्यातलं एक चांगलं एवढंच, की उजेडात मोकळं सोडल्यावर मागे पडलेली पिल्लंही लवकरच सावरली. तासभर मोबाईल बघणारी मुलगी टोपलीत बसलेली असते. दहा मिनिटं बघ आणि जे पाहिलंस ते अंगणात दहा वेळा करून बघ. हळू करून बघितलं तरी चालेल.

हळूवरून आठवलं. पुढचे तीन आठवडे आपण सरावाच्या सुरुवातीला एक पूर्ण डाव चालत खेळणार आहोत. पळणारीही चालणार, आक्रमकही चालणार, नियम सगळे तेच. तुला कंटाळा येईल, पण चालताना कुठल्या पायावर वजन आहे ते कळतं. पळताना ते फक्त बाहेरच्याला दिसतं. शेवटच्या मिनिटांत दमलेली असताना बैठक कशी मोडते तेही बघायचं आहे, म्हणून आठ फेऱ्या मारून झाल्यावरच बैठकीचा सराव घेईन. ताज्या पायांनी बसणं सगळ्यांनाच जमतं.

त्या एका खोमुळे सामना गेला असं तुला कुणी सांगितलं असेल. नऊ मिनिटांत तू किती वेळा बरोबर बाजूला उठलीस ते कुणी मोजलं नाही. मी मोजलं. अकरा खो मिळाले, नऊ वेळा दिशा बरोबर होती. चुकलेले दोन्ही शेवटच्या तीन मिनिटांतले, आणि दोन्ही वेळा उजवी टाच खाली होती.

रविवारी सकाळी सहाला मैदानावर ये, बाकीच्या सातला येतील. डोळ्यांवर बांधायला एक जुनी ओढणी आण. मी तुझ्या पाठीमागून चालेन आणि मी कुठे आहे ते तू हाताने दाखवायचंस, मान न वळवता.

तुझी,
ताई